उगंच

उदगीरमध्ये सायकलवर टांग टाकून तुम्ही गावाबाहेर निघालात, की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तीन प्रश्न येतात. पहिला, कुठं जायलालास? दुसरा, काय काम काढलास? आणि तुमचं वय पंचविशीच्या पुढं असेल तर तिसरा, जरा खालच्या आवाजात: गाडी कुठाय? गाडी म्हणजे अर्थातच मोटारसायकल. आमच्याकडे सायकलवर दिसलेल्या मोठ्या माणसाबद्दल तीनच अंदाज बांधले जातात. त्याची गाडी बंद पडली असेल, त्याला गाडी विकावी लागली असेल, नाहीतर डॉक्टरनं शुगर सांगितली असेल.

हवा चांगली होती म्हणून निघाला असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

हवा चांगली होती म्हणून निघण्याला आमच्या बोलीत शब्द आहे: उगंच. फार चांगला शब्द आहे, पण आम्ही तो आरोपासारखा वापरतो. ‘उगंच हिंडायलालंय’ म्हटलं की त्या पोराची फाईल बंद. त्याचं अभ्यासात लक्ष नाही, त्याला कुणी विचारत नाही, लग्नाच्या बाजारात त्याचा भाव उतरला. पोरगी असेल तर फाईल बंद होत नाही, उलट उघडते, आणि ती गल्लीभर फिरते.

माझं म्हणणं सरळ आहे. चांगल्या हवेच्या दिवशी, आधी काही न ठरवता, काही काम नसताना सायकल काढून शिवारात जाणं हा इथल्या प्रत्येक माणसाचा हक्क आहे. तो चैनीत मोडत नाही. सध्या मात्र तो काही थोड्यांनाच मिळतो आणि बाकीच्यांकडून कारण मागितलं जातं. हे कारण मागणं बंद झालं पाहिजे.

आधी हवेबद्दल, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकाला आमची अडचण कळणार नाही. उदगीरला चांगली हवा वर्षभर मिळत नाही. मार्च उजाडला की ऊन चढायला लागतं, एप्रिल-मेमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मग पावसाळा. त्यात मध्ये मध्ये उघडीप मिळते, पण तिच्याबद्दल पुढं वेगळं बोलायचं आहे. पाऊस गेला की ऑक्टोबरची ती चिकट ऊब. खरी हवा सुरू होते दिवाळीनंतर. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, धरून चाला नव्वद ते शंभर दिवस. आभाळ धुतल्यासारखं, सकाळी स्वेटर लागेल इतकी थंडी, दहा वाजता अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन, आणि माळावरून येणारं कोरडं वारं. वर्षातले एवढेच दिवस सायकलचे.

या नव्वद-शंभर दिवसांत आमची पोरं कुठं असतात? क्लासमध्ये. लातूर पॅटर्नचं कौतुक महाराष्ट्रानं भरपूर केलं. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, त्या पॅटर्ननं अनेक घरांत पहिला डॉक्टर दिला. पण वेळापत्रक बघा. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नीट मेच्या सुरुवातीला. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उजळणीचा, टेस्ट सिरीजचा, पहाटेच्या बॅचचा काळ. वर्षातली सगळ्यात सुंदर सकाळ आमचं सतरा वर्षांचं पोरगं ट्यूबलाईटखाली फिजिक्सचे एमसीक्यू सोडवत काढतं. मग त्याला सुट्टी मिळते, ती कधी? मेमध्ये. जेव्हा बाहेर पाऊल टाकणं म्हणजे उष्माघाताला आवतण. आम्ही शिक्षणाचं कॅलेंडर हवेच्या बरोबर उलटं बसवलं आहे आणि वर म्हणतो, आजकालची पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत. डोकं वर काढायचे दिवस तुम्हीच बॅचला दिलेत ना!

उलटं कॅलेंडर एकट्या आमचंच आहे असंही नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. ठरवणाऱ्यांच्या गावी ३ जूनला छान वसंत सरत असेल. मराठवाड्यात ३ जून म्हणजे मृगाच्या आधीचा, जीव नकोसा करणारा उकाडा. तरी आमच्याकडे त्या दिवशी रॅली निघते: टी-शर्ट, टोपी, प्रमुख पाहुणे, हिरवा झेंडा, दोन किलोमीटर, नाश्ता, फोटो. दुसऱ्या दिवसापासून सायकल जिन्याखाली. (याच दिवशी, ३ जून २०२० ला, अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. ज्यांच्या आजोबांकडे अॅटलस होती त्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.)

आपल्याकडे या बाबतीतली जुनी समज जास्त शहाणी होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, म्हणजे पाऊस सरला, वाटा वाळल्या, आता गावाची शीव ओलांडा. सैन्यंसुद्धा याच हिशोबानं निघायची. सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या सैन्याला हरवलं ती उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ला झाली, म्हणजे मी म्हणतो त्या शंभर दिवसांतच. पुढं पानिपतही जानेवारीतच. आता आम्ही सीमोल्लंघनातली आपट्याची पानं तेवढी ठेवली आणि शीव ओलांडणं सोडून दिलं. पानं बाजारात दहा रुपयाला जुडी मिळतात, व्हॉट्सअॅपवर तर फुकट.

दुसरा मुद्दा, तो जो प्रत्येक जण तोंडावर फेकतो: ‘आपल्याकडे बघायला काय आहे?’

हे वाक्य मी उदगीरमध्ये, नांदेडमध्ये, लातूरमध्ये इतक्या वेळा ऐकलं आहे की ते आता आमचं ब्रीदवाक्य म्हणून पाटीवर लावायला हरकत नाही. फिरायला जायचं म्हणजे गोव्याला, महाबळेश्वरला, फार तर हैदराबादला. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं उदगीरला भरलं, भारत सासणे अध्यक्ष होते, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही भरलं. महाराष्ट्रभरातून लिहिणारी-वाचणारी माणसं आली. एप्रिलच्या उन्हात आली, मांडवात बसली, घाम पुसला आणि परत गेली. त्यांना दोष नाही. हेच संमेलन जानेवारीत असतं आणि प्रत्येक पाहुण्याला एक सकाळ एक सायकल दिली असती, तर मराठवाड्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात दुष्काळाखेरीज आणखी काही सापडलं असतं.

काय सापडलं असतं, तर सांगतो. डिसेंबरातली एक सकाळ. आम्ही तिघं. आदल्या रात्री काही ठरलं नव्हतं. सकाळी एकानं ‘हवा बघ की’ एवढाच मेसेज टाकला आणि अर्ध्या तासात तिघं रस्त्यावर. तिघांपैकी एकाची सायकल बहिणीची होती, पुढं जाळीची टोपली असलेली. दिशा ठरली देवर्जनकडची, हत्तीबेटाची.

गाव संपलं की दोन्हीकडं काळं रान लागतं. तूर काढून झालेली, काही ठिकाणी पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या. हरभरा घोट्याएवढा. त्याच्या पानांवर पहाटेची आंब धरलेली असते. बांधावरून दहा पावलं आत गेलात की चप्पल, पाय, पँटची घडी सगळं ओलं आणि बोट जिभेला लावलं तर आंबट. ही चव कुठल्या पॅकेटात मिळत नाही आणि उन्हं वर आली की रानातही मिळत नाही. करडईचं रान लांबून मऊ दिसतं, जवळ गेलात की काटे. ज्वारी निसवत होती, हुरड्याला अजून वेळ होता, आणि तरी आमच्यातल्या एकानं एक कणीस चोळून बघितलंच.

मग बैल. पुण्याच्या माणसाला बैल म्हणजे बैल. आमच्याकडे देवणी. देवणी हा आमच्या शेजारचा तालुका आणि तिथल्या गोवंशाचं नावही तेच, देशभर मान्यता असलेलं. या एका जातीत तीन रंग आहेत आणि तिन्हींना वेगळी नावं. अंग पांढरं नि तोंड काळसर तो वानेरा, सगळा पांढरा तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे तो शेवरा. मोटारसायकलवरून साठच्या वेगानं जाताना तुम्हाला ‘बैलगाडी आडवी आली’ एवढंच कळतं. सायकलवरून वानेरा की शेवरा हे कळतं, गाडीवाल्याशी त्यावरून वादही घालता येतो. आम्ही घातला. आम्ही हरलो.

आणि सपाट शिवारात एकाएकी ते हत्तीबेट उभं राहतं. टेकडी, वर दगडात कोरलेल्या गुहा, गंगाराम महाराजांची समाधी, आणि वरून दिसणारं चौफेर रान. सह्याद्रीसारखं काही अंगावर येत नाही. मराठवाडा अंगावर येतच नाही, तो पसरतो. ज्याला उंची म्हणजेच देखावा असं शिकवलंय त्याला पसरलेलं दिसत नाही, आणि मग तो म्हणतो बघायला काय आहे.

याच उदगीरहून दुसऱ्या दिशेला निघालात तर तासा-दीड तासात सायकलवर कर्नाटकात, कमलनगरला. पाट्यांची लिपी बदलते, माणसांची बोली फारशी बदलत नाही. आणखी पुढं बीदरकडं सरकाल तसं मातीतलं काळं जाऊन लाल येतं. ही हद्द जुनी नाही. निजामाच्या राज्यात आमचा तालुका बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेलं, आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात आलो, आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरचे झालो. माझ्या वयाच्या पोरांना हे पुस्तकात वाचून कळत नाही. चहाच्या टपरीवर मराठी, कानडी आणि दखनी एकाच वाक्यात ऐकली की लगेच कळतं.

‘बघायला काय आहे’वाल्यांचा एक नवा अवतार आलाय, त्याचाही समाचार घेतो. तो आहे रायडर. साडेतीनशे सीसीची गाडी, हेल्मेटवर कॅमेरा, गुडघ्याला पॅड, ईएमआय. त्याच्या रीलमध्ये रस्ता असतो, ढग असतात, सायलेन्सरचा आवाज असतो, गाव नसतं. तो घरून निघतानाच ठरवून निघतो की दुपारी कुठं फोटो काढायचा. त्याला उगंच जाता येत नाही, कारण पेट्रोलचा हिशोब लाईकमध्ये वसूल व्हायचा असतो. गाडीला माझा विरोध नाही. बापानं घेतलेल्या जुन्या स्प्लेंडरवर दोघं जण उगंच निघाले तर ते माझेच लोक. विरोध आहे तो भटकण्याला इव्हेंट बनवण्याला, कारण त्यानं भटकणं महाग होतं. ज्याच्याकडं बहिणीची टोपलीवाली सायकल आहे त्याला वाटायला लागतं की आपण अजून पात्र नाही.

आता बहिणीकडं येतो, कारण खरं भांडण तिथं आहे.

महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. अट अशी की शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असावी. आधी त्यासाठी ३५०० रुपये मिळत, २०२२ मध्ये ते ५००० झाले. योजना चांगली आहे, तिनं मुलींचं शिक्षण टिकवलं, यात मला शंका नाही. पण ही सायकल घरी येते तेव्हा तिच्यासोबत एक न लिहिलेली अटही येते. शाळा आणि घर. शाळा सुटली की दहा मिनिटांत दारात. रविवारी सायकल भावाकडं. पोरीला सरकारनं पाच किलोमीटर दिले आणि घरानं तेवढेच मोजून ठेवले. सहाव्या किलोमीटरला तिला विचारणारा प्रत्येक माणूस स्वतःला तिचा काका समजतो.

कुणी म्हणेल, काळजी असते. असते, मान्य. रस्ते वाईट आहेत, माणसं वाईट आहेत, संध्याकाळी दिवे नसतात. पण काळजीचा उपाय नेहमी एकच का निघतो, की पोरीनं घरी बसायचं? पोरगं रात्री अकराला घरी आलं तर ‘जेवलास का’ विचारणाऱ्या घरात पोरगी सकाळी आठला शिवारात दिसली तर पंचायत बसते. सकाळी आठला! डिसेंबरच्या उन्हात, खुरपायला निघालेल्या वीस बायांच्या डोळ्यांसमोर!

त्या बायांकडंही बघा. रोज चार-पाच किलोमीटर त्या रानात जातात, पायी, डोक्यावर जेवणाचं गाठोडं घेऊन, आणि त्यांना कुणी विचारत नाही कुठं चाललात. कारण त्यांच्या हातात खुरपं आहे. म्हणजे बाईनं शिवारात जाण्याला आमची हरकत नाही. तिनं मजुरीशिवाय जाण्याला आहे. रस्त्यावर बाई दिसणं आम्हाला चालतं, तिला रस्ता आवडणं चालत नाही.

हे बदलतं का? बदललेलं आहे, आणि आपल्यापेक्षा श्रीमंत नसलेल्या जिल्ह्यात बदललेलं आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९०च्या सुरुवातीला साक्षरता चळवळीनं बायांना अक्षरांसोबत सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं कलेक्टर होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या, शाळेतल्या अशा लाखभर बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांड्यावर लेकरू बसतं. पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं, त्यात बायांचा वेळ वाचला, चार पैसे जास्त मिळाले याची नोंद आहे. पण त्यांचा जोर होता तो मोकळेपणावर. सरकारी अहवालात मात्र अशी गोष्ट वेळ आणि पैसे या रकान्यांतच बसते. मोकळेपणाला रकाना नसतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईबद्दल एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, ‘व्हाय लॉयटर?’ त्यांचं म्हणणं असं की बाईला शहरात काम दाखवल्याशिवाय उभं राहता येत नाही; हातात पर्स, पिशवी, फोन, काहीतरी लागतं, आणि म्हणून खरी मागणी सुरक्षिततेच्या पुढं जाऊन विनाकारण रेंगाळण्याची असली पाहिजे. पुस्तक मुंबईचं आहे. पण मला ते उदगीर-देगलूर रस्त्यावर जास्त पटतं. मुंबईत निदान गर्दी आहे, तिच्यात विरघळता येतं. इथं पाच किलोमीटरवरून ओळखतात, कुणाची पोरगी ती.

कुणाची, या शब्दावर अडखळायला हवं. त्या डिसेंबरच्या सकाळी आम्ही एका टपरीवर थांबलो. सुशीला गरम होती, वर शेंगदाणे, कोथिंबीर. शेजारी बसलेल्या आजोबांनी ते तीन प्रश्न विचारले, आम्ही ‘उगंच’ म्हटलं, ते हसले. मग चौथा प्रश्न आला, जो गावाबाहेर नेहमी येतो: कुठलं गाव? आणि पाचवा: आडनाव काय? आजोबा प्रेमळ होते, आवाजात विष नव्हतं. पण आमच्यातल्या दोघांनी आडनाव सांगितलं आणि तिसऱ्यानं नुसतं पहिलं नाव सांगून चहाचा ग्लास लवकर खाली ठेवला. परतताना तो पुढं पुढं चालवत होता.

उगंच हिंडण्याचा हक्क इथं असा वाटला गेला आहे. काही आडनावांना ‘उगंच’ हे उत्तर पुरतं. काहींना त्यापुढं गाव सांगावं लागतं, आजोबाचं नाव सांगावं लागतं, कुणाची ओळख सांगावी लागते. काहींना ठाऊक असतं की नाव सांगितल्यावर नजर बदलेल, म्हणून ते त्या रस्त्यानं जातच नाहीत. ‘आपल्याकडची पोरं निसर्गात रमत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी कधीतरी मोजावं, की कुठल्या पोरांना कुठल्या गावच्या पारावर दहा मिनिटं निवांत बसता येतं. निवांतपणा ही आमच्याकडं वारसाहक्कानं येणारी गोष्ट आहे, सात-बाऱ्यासारखी.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तो घरातूनच येतो, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ‘लोकांचं सोयाबीन वाळतंय आणि तुला हवा चांगली वाटायलीय?’

पावसाळ्यातली उघडीप ही अशी गोष्ट आहे. आठ दिवस झडीनंतर आभाळ मोकळं होतं, ऊन पडतं, रान हिरवंगार, सायकलला याहून चांगला दिवस नाही. शेतकऱ्यालाही पहिले चार-सहा दिवस उघडीप हवीच असते: कोळपणी, खुरपणी, फवारणी याच दिवसांत होते. पण ती लांबली की तेच निळं आभाळ वैरी होतं. सोयाबीन फुलात असताना पंधरा दिवस पाऊस नाही म्हणजे शेंगा भरत नाहीत. हलक्या रानात पानं दुपारी माना टाकतात. आणि आमच्याकडं हवामानाची दुसरी टोकंही आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावं पाण्याखाली गेली. अशा मुलुखात ‘छान हवा’ हे शब्द तोंडातून काढताना जीभ जड व्हायला हवी, हे मला मान्य आहे.

पण या आक्षेपातून जे निष्पन्न काढलं जातं ते मान्य नाही. शेजाऱ्याच्या रानात दुःख आहे म्हणून तुम्ही खोलीत बसा, हा न्याय लग्नाच्या वरातीला लावत नाहीत, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावत नाहीत, डीजेला लावत नाहीत. फुकट हिंडणाऱ्यालाच लावतात. आणि खुद्द शेतकरी असं म्हणताना मी फार कमी वेळा ऐकलं. तो बांधावरून हाक मारतो, पाणी देतो, विहिरीत किती राहिलं ते सांगतो. ‘लोकांचं सोयाबीन’ हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा ज्याचं सोयाबीन नाही त्याचा असतो.

इथं मला एक सोपा युक्तिवाद हाताशी आहे. सायकलवरून फिरलात तर वाळलेलं रान दिसतं, भावाचा प्रश्न कळतो, तुम्ही संवेदनशील नागरिक बनता वगैरे. दिसतं हे खरं आहे. पण हा युक्तिवाद मी वापरणार नाही. तब्येत सुधारते, पेट्रोल वाचतं, प्रदूषण टळतं, हेही वापरणार नाही. ही सगळी खरी कारणं आहेत आणि ती सगळी पुन्हा त्याच दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत: काय काम काढलास? एकदा उत्तर द्यायला सुरुवात केली की उद्या नाक्यावर उभ्या पोरीला तब्येतीचं सर्टिफिकेट दाखवावं लागेल. तुकोबांची वारी चालते कारण तिला पुण्याचं कारण आहे. हाळीच्या बाजाराला गेलेला माणूस चालतो कारण बैल घ्यायचाय. माहेरी निघालेली बाई चालते, तिच्या हातात पिशवी आहे. आम्हाला त्या रांगेत उभं राहायचं नाही. आम्हाला सकाळ बघायची होती, एवढं पुरे झालं पाहिजे.

मागण्या मात्र आहेत, आणि त्या हवेत नाहीत.

क्लासवाल्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातली एक सकाळ मोकळी सोडावी. टेस्ट दुपारी घ्या, रँक कुठं पळून जात नाही. ज्या शाळांतून मुलींना सायकली मिळतात त्या शाळांनी थंडीत महिन्यातून एकदा मुलींना सायकलवर गावाबाहेर न्यावं, झेंडा न दाखवता, पाहुणा न बोलावता, बाई-सरांनी स्वतः पायडल मारत. एक वर्गच्या वर्ग दर महिन्याला रस्त्यावर दिसला की सहाव्या किलोमीटरचे काका आपोआप गप्प होतात; सवय झालेल्या गोष्टीला कुणी हटकत नाही. घरच्यांनी ‘कुठं चाललीस’ऐवजी ‘कधी येशील’ विचारावं. ते विचारणं काळजीचं आहे, ते चालेल.

आणि रस्ता. उदगीरमधून दोन राष्ट्रीय महामार्ग जातात, ५० आणि ६३. काँक्रीट छान झालं, गाड्या ऐंशीच्या खाली येत नाहीत. कडेला सायकलवाल्याला, पायी जाणाऱ्या मजुराला, शाळकरी पोरीला जागा कुठं आहे? काँक्रीटची कड जिथं संपते तिथं वीतभर खाली मुरूम, आणि मुरुमावर गवत. मागून ट्रक आला की तुम्ही त्या कडेवरून खाली उडी मारायची. दीड मीटरचा सपाट पट्टा मागायला पर्यटन धोरण लागत नाही, त्याच रस्त्याच्या ठेक्यात तो बसतो.

त्याहून तातडीचं, ऊस. आमचे शंभर दिवस आणि साखर कारखान्यांचा हंगाम एकच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर ऊस बाहेर आलेला, ड्रायव्हरच्या कानाशी फुल आवाजात गाणी, आणि मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. पहाटेच्या धुक्यात तो पाठीमागून तुम्हाला दिसत नाही आणि पुढून त्याला तुम्ही दिसत नाही. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला कारखाने फोटोपुरत्या दोन ट्रॉल्यांना लाल पट्टी चिकटवतात. ती प्रत्येक ट्रॉलीला लागली पाहिजे, वजनकाट्यावरच, पट्टी नसेल तर ऊस उतरून घ्यायचा नाही. बॉयलर पेटायच्या आधी हे लेखी मागायला पाहिजे, कारण एकदा गाड्यांची रांग लागली की कुणी ऐकून घेत नाही.